चिलखत अंगाला बसतं म्हणजे काय?

'रोमन सैनिकाचं चिलखत त्याला नीट बसत होतं का?' असा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यानं मला विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा शिंप्याचा प्रश्न कशाला हवा? प्रश्न शिंप्याचा आहे, कबूल. पण त्याचं उत्तर आज ज्या रीतीनं काढलं जातं, ती रीत आमच्या खात्यात येते. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू पुन्हा बनवायची, अंगावर चढवायची, चार कोस चालून बघायचं आणि म्हणायचं, 'छान बसते' किंवा 'खांद्याला काचते'. या वाक्यावरून तेव्हाच्या माणसाबद्दल काही सिद्ध होतं का? होत असेल तर नेमकं काय? आपल्याकडे म्हणतात, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. या मंडळींनी ती म्हण अगदी शब्दशः घेतली आहे, आणि मला त्यांचं कौतुकच आहे. पण कौतुक केलं म्हणजे परीक्षा झाली असं नाही.

आधी वस्तू कोणती ते बघू. सिनेमात रोमन सैनिक दिसला की त्याच्या छातीवर आडव्या लोखंडी पट्ट्यांचं चिलखत असतं. त्याला लोरिका सेगमेंटाटा म्हणतात. हे नाव रोमन नाही, सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी दिलेलं आहे. या चिलखताची आपली कल्पना बराच काळ एका दगडी चित्रावर उभी होती. ते चित्र म्हणजे रोममधला ट्रेजनचा स्तंभ, इ.स. ११३ सालचा. तिथं लीजनचे सैनिक साच्यातून काढल्यासारखे एकसारखे आहेत आणि चिलखत अंगाला असं चिकटलेलं, जणू मलमलीची बंडी. त्यावरून जुन्या अभ्यासकांनी तर्क केला की या पट्ट्या आतल्या चामडी जाकिटावर शिवलेल्या असणार. आता गंमत बघा. त्याच डेशियन युद्धांचं दुसरं स्मारक रोमानियात आदामक्लिसीला आहे, इ.स. १०९ चं. तिथले सैनिक कड्यांच्या किंवा खवल्यांच्या चिलखतात आहेत, काहींच्या उजव्या हाताला पट्ट्यांचं बाहुकवच आहे. पट्ट्यांचं अंगचिलखत तिथं नाहीच. युद्धं तीच, पण राजधानीतल्या शिल्पकारानं एक दाखवलं आणि सरहद्दीवरच्यानं दुसरं. चित्रावर किती विसंबायचं, हा प्रश्न तिथंच उभा राहायला हवा होता.

तो उभा राहिला १९६४ साली. इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिज म्हणून ठिकाण आहे. तिथल्या उत्खननात एक लाकडी पेटी मिळाली. आत हत्यारं, अवजारं, खिळे, आणि त्यांच्याबरोबर या चिलखताचे गंजून एकमेकांना चिकटलेले तुकडे. लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागारात एच. रसेल रॉबिन्सन नावाचे गृहस्थ काम करत. ते नुसते पंडित नव्हते, हातात हातोडा धरणारे होते. १९६७ मध्ये त्यांचं आशियाई चिलखतांवर पुस्तक आलं होतं, त्यात हिंदुस्थान, इराण, जपान सगळं होतं. म्हणजे धातूच्या पट्ट्या एकमेकींवर सरकत्या कशा ठेवायच्या, हे त्यांनी अनेक परंपरांत पाहिलेलं होतं. त्यांनी कॉर्ब्रिजच्या पट्ट्यांवरच्या रिव्हेटांच्या जागा बघितल्या आणि सांगितलं, जाकीट वगैरे काही नाही. पट्ट्या आतल्या बाजूनं चामड्याच्या वाद्यांना रिव्हेट केलेल्या आहेत, आणि त्या वाद्यांवर सगळं चिलखत लोंबतं, वाकतं, मिटतं. त्यांनी ते बनवून दाखवलं. १९७५ मध्ये त्यांचा शाही रोमच्या चिलखतांवरचा मोठा ग्रंथ निघाला. तोपर्यंत इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी अर्माइन स्ट्रीट गार्ड हा गट स्थापन केला होता, १९७२ साली. रॉबिन्सनच्या नमुन्यावरून ते स्वतःची चिलखतं ठोकू लागले.

हे मला आधी सांगायचं होतं, कारण पुढं मी टीका करणार आहे. जाकिटाची कल्पना पुस्तकात बसून मेली नसती. पट्टी हातात घेऊन वाकवून बघणाऱ्या माणसानंच ती मारली. प्रयोगाची ही बाजू भक्कम आहे. 'असं असूच शकत नाही' हे प्रयोग फार चांगलं सांगतो.

अडचण पुढच्या पायरीवर येते. रॉबिन्सनचं चिलखत घालून बघितल्यावर लक्षात आलं की खांद्यावरचे पत्रे नीट बसत नाहीत. माणसाचा खांदा उतरता असतो. पत्रे खाली घसरतात, छातीवरच्या दोन्ही बाजू समोर नीट जुळत नाहीत, आणि गळ्याशी धातू घासतो. मग खाली जाड अस्तर घातलं, खांद्यावर गादी भरली, गळ्याला रुमाल बांधला. आणि काय आश्चर्य, चिलखत झकास बसलं! निष्कर्ष काढला, की रोमन सैनिक आत गादीचं अस्तर घालत असणार.

आमच्या दर्शनांचा थोडाफार परिचय असलेल्यांना इथं लगेच देवदत्त आठवेल. देवदत्त लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असणार. मीमांसकांनी याला अर्थापत्ती म्हटलं. दिसणाऱ्या दोन गोष्टींचा मेळ बसेना, म्हणून न दिसणारी तिसरी मानायची. हे पूर्ण सन्मान्य प्रमाण आहे, मी त्याला हसत नाही. पण त्याची एक अट आहे. दुसऱ्या कुठल्याही रीतीनं मेळ बसता कामा नये. देवदत्ताला काही आजार असेल, त्यानं त्याचं अंग सुजलं असेल, तर रात्रीचं जेवण कोसळलं. चिलखताचंही तसंच. पत्रे नीट बसत नाहीत याचं कारण आतलं अस्तर नाही हे असू शकतं, पण आपण पत्र्याची वळणंच चुकीची घेतली हेही असू शकतं. वाद्यांची लांबी चुकली असेल. चामडं तर बहुतेक कुजून गेलेलं, तेव्हा त्या लांबीचा आपण अंदाजच करतो. किंवा, आणि ही शक्यता कुणाला आवडत नाही, तेव्हाही ते नीट बसत नसेल.

अस्तराच्या बाजूनं वेगळा पुरावा आहे, तो लपवणं बरं नाही. चौथ्या शतकातल्या युद्धयंत्रांवरच्या एका निनावी लॅटिन पुस्तिकेत चिलखताखाली घालायच्या नमद्यासारख्या जाड लोकरी कपड्याचं वर्णन आहे. तो पावसात भिजून जड होऊ नये म्हणून वरून चामड्याचं आवरण घालावं, असंही लेखक सुचवतो. चिलखताखालच्या कपड्याला सुबार्मालिस असा लॅटिन शब्दही सापडतो. म्हणजे असं काहीतरी होतं. पण कॉर्ब्रिजची पेटी दुसऱ्या शतकातली. तिच्या आणि त्या पुस्तिकेच्या मधे दोनशे-सव्वादोनशे वर्षं आहेत. खांद्याची ती नेमकी गादी, तिची नेमकी जाडी, ही आपल्या शिंप्याची आहे. संग्रहालयातल्या पुतळ्यावर मात्र ती रोमन म्हणून उभी असते.

घोड्याच्या खोगिराचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. रोमन घोडेस्वारांना रिकीब नव्हती. त्यामुळे ते घोड्यावर डळमळत बसत, त्यांना जोराचा हल्ला करताच येत नसे, असं मोठमोठे इतिहासकार लिहीत. लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये रिकिबीवरून थेट युरोपातल्या सरंजामशाहीपर्यंत मजल मारली होती. पीटर कॉनली या चित्रकार-अभ्यासकानं नेदरलंड्समधल्या फाल्केनबर्गला मिळालेल्या खोगिराच्या कातड्यावरून चार शिंगांचं खोगीर बनवलं आणि घोड्यावर घालून स्वार बसवला. शिंगं मांड्यांना आणि कमरेला असा आधार देतात की स्वार चांगला घट्ट बसतो. एका दुपारच्या रपेटीत कित्येक पानांचं लिखाण डळमळीत झालं. मला हा प्रयोग फार आवडतो. पण त्याच कातड्यावरून पुढं वाद झाला. आत लाकडी सांगाडा होता की नुसतंच कोंबून भरलेलं कातडं? सांगाड्याचं खोगीर चालतं, भरलेलंही बनवता येतं. 'चालतं' हा शब्द दोघांमध्ये निवाडा करत नाही. रिकिबीविना घट्ट बसणं अशक्य नव्हतं, इतकंच घोड्यानं सिद्ध केलं.

आता माणसाकडे येतो, कारण खरा घोटाळा तिथं आहे.

१९८५ साली मार्कुस युंकेलमान या जर्मन इतिहासकारानं मूठभर साथीदारांसह ऑगस्टसच्या काळातल्या सैनिकाच्या पूर्ण वेषात व्हेरोनापासून आल्प्स ओलांडून ऑग्सबुर्गपर्यंत पायी मजल मारली. धाडस म्हणून हे थोर आहे. बूट कुठं चावतात, ओझ्याचा दांडा कोणत्या खांद्यावर घ्यावा, झिजलेले खिळे केव्हा बदलावे लागतात, या गोष्टी त्यांच्या पायांनी शिकवल्या. पण त्या मंडळींचं सामान कुणासाठी बनवलेलं होतं? त्यांच्यासाठीच. आज अशी चिलखतं बनवणारा प्रत्येक गट हेच करतो. छातीचा घेर घेतो, खांद्याचं माप घेतो, पट्ट्या त्या हिशोबानं कापतो. मग ते अंगाला बसतं. ते बसणारच! न्यायशास्त्रात याला साध्यसम म्हणतात. जे सिद्ध करायचं, तेच हेतू म्हणून आत घालून ठेवायचं. 'रोमन चिलखत अंगाला छान बसतं' या वाक्यात 'माझ्या मापाचं केलेलं माझ्या अंगाला बसतं' एवढाच ऐवज असतो.

रोमन सैनिकाला त्याच्या मापाचं मिळत होतं का? ब्रिटिश म्युझियममध्ये लंडनला मिळालेलं एक काशाचं शिरस्त्राण आहे. त्याच्या मानेवरच्या पत्र्यावर टोचून काढलेली नावं आहेत. एक नाही, चार. चार सैनिकांनी ते एकामागून एक वापरलं. मला ही वस्तू सगळ्या प्रतिकृतींपेक्षा जास्त बोलते असं वाटतं. चार डोकी एका मापाची असण्याचा संभव किती? पहिल्याला ते बसलं असेल. दुसऱ्यानं आत चिंध्या कोंबल्या असतील, तिसऱ्याचे कान लाल झाले असतील. हे मी कल्पनेनं सांगतोय, पण चार नावं कल्पनेतली नाहीत. आणि ही चिंधी प्रयोगातून कधीच निघणार नाही, कारण प्रयोग करणाऱ्याला तिची गरज पडत नाही.

पट्ट्यांच्या चिलखताचे तुकडे तर हे सरळ बोलतात. माइक बिशप यांनी या चिलखतावर २००२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. रोमन छावण्यांत या चिलखताच्या पितळी बिजागऱ्या, बकलं, आकडे यांचा खच पडलेला असतो, आणि त्यांत तुटलेल्या पुष्कळ असतात. पातळ पितळ लोखंडाला जोडलेलं. ते वाकतं, तुटतं, गंजही तिथंच धरतो. कॉर्ब्रिजच्या पेटीतल्या तुकड्यांवर दुरुस्तीच्या खुणा आहेत. स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेडला जो नंतरचा प्रकार मिळाला, त्यात ही नाजूक सामग्री बरीच कमी करून टाकलेली आहे, बिजागरीच्या जागी सरळ रिव्हेट. म्हणजे रोमन लोहारालाही तक्रारी ऐकू येत होत्या! आपण ज्या 'परिपूर्ण रोमन यंत्रणे'चे गोडवे गातो, तिच्या आत कुणीतरी कपाळाला हात लावून तुटकं बकल ठोकत बसलेला होता.

दुसरा घोटाळा शरीराचा. सिसेरोनं इ.स.पू. ४५ मध्ये दुःख सहन करण्यावर लिहिताना सैनिकांचं उदाहरण घेतलं आहे. तो म्हणतो, आमचे सैनिक ढाल-तलवार-शिरस्त्राण यांना ओझं मोजतच नाहीत, जसं आपण स्वतःचे हात-खांदे ओझं म्हणून मोजत नाही. शस्त्रं म्हणजे सैनिकाचे अवयवच, असं ते म्हणतात. सिसेरोनं स्वतः किलिकियात सैन्य चालवलेलं होतं, पण तो ढाल वाहणाऱ्यांपैकी नव्हता. तेव्हा हे वाक्य मिठाच्या खड्यासकट घ्या. तरी त्यात एक मुद्दा आहे. त्याच्यासाठी मराठीत इतका नेमका शब्द आहे की मला हेवा वाटतो, म्हणजे लॅटिनवाल्यांना वाटायला हवा. अंगवळणी. अंगाला बसणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. पहिलं वस्तूचं माप आहे. दुसऱ्यात अंगच वळतं.

वेजेटियस चौथ्या शतकाच्या शेवटाकडचा. त्यानं लिहिलंय की नव्या भरतीला उन्हाळ्याच्या पाच तासांत २० रोमन मैल, म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर चालवावं. ६० रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे १९-२० किलो ओझं नेहमी वाहायला लावावं. सरावाची लाकडी तलवार आणि वेताची ढाल खऱ्याच्या दुप्पट वजनाची असावी. असं वर्षानुवर्षं केलेलं शरीर आणि शनिवार-रविवारी चिलखत चढवणारं शरीर, यांना 'जड' हा शब्द एकाच अर्थानं लागू पडतो का? वेजेटियसच पुढं सांगतो, की सम्राट ग्रेशियनच्या काळापासून कवायत सुटली, चिलखत क्वचित घातलं जाऊ लागलं, म्हणून ते जड वाटू लागलं, आणि सैनिकांनी अर्ज करून ते टाकून दिलं. ही हकिकत जशीच्या तशी खरी मानायला इतिहासकार तयार नसतात, आणि तो म्हातारा 'आमच्या वेळी असं नव्हतं' या सुरात बोलतोय हे उघड आहे. (हा सूर मला ओळखीचा आहे.) पण त्यातलं तर्कशास्त्र बघा. चिलखत तेच, वजन तेच, बदललं ते अंग. मग आजचा माणूस 'जड आहे' म्हणतो तेव्हा तो चिलखताबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल?

कुणी म्हणेल, मग हे सगळं सोडूनच द्यायचं का? नाही. इथं मला आर. जी. कॉलिंगवूड आठवतो. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ, आणि रोमन ब्रिटनचा पक्का उत्खनक. इतिहास म्हणजे भूतकाळातला विचार आपल्या मनात पुन्हा घडवणं, हे त्याचं मत १९४६ च्या मरणोत्तर पुस्तकामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं 'विचार' म्हटलं होतं. खांद्याची कळ पुन्हा घडते असं तो म्हणाला नव्हता. पण मला त्याची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९२१ मध्ये त्यानं हेड्रियनच्या भिंतीबद्दल लेख लिहिला. तोपर्यंत समजूत अशी की सैनिक भिंतीवर उभे राहून लढत. त्यानं विचारलं, रोमन सैनिक जे घेऊन लढतो त्यानं अरुंद भिंतीवरून लढता येईल का? त्याची शस्त्रं उघड्यावर, जवळून लढायची. तेव्हा भिंतीचा माथा म्हणजे पहारेकऱ्याची उंच पायवाट असणार. इथपर्यंत ही आपली नेहमीची अर्थापत्तीच. पण तो तिथं थांबला नाही. तसं असेल, तर भिंत जिथं समुद्राला मिळते तिथून पुढं किनाऱ्यावरही टेहळणीचे मनोरे असायला हवेत, असं तो म्हणाला. जुने अहवाल चाळले. मनोरे सापडलेले होते आणि लोक ते विसरून गेले होते. पुढं आणखी सापडले.

फरक कळला ना? त्याच्या तर्काला चूक ठरायची जागा होती. किनाऱ्यावर काहीच नसतं तर त्याची पंचाईत झाली असती. 'मी घातलं, मला बसलं' या विधानाला चूक ठरायची जागाच नसते. म्हणून मला असा प्रयोग बघायचा आहे. दहा जणांची चिलखतं आपापसात बदला. ज्याचं त्याला देऊ नका. महिना-दोन महिने वापरा, पावसात, चिखलात. कुठली बिजागरी आधी निखळते, कुठला पत्रा आधी वाकतो, आतून कुठं झिजतं हे लिहून ठेवा, आणि कॉर्ब्रिज, न्यूस्टेडचे तुकडे उघडण्याआधी लिहा. मग जुळवून बघा. न जुळण्याचा धोका पत्करलात, तर जुळण्याला किंमत येईल.

एक प्रयोग इतिहासानं स्वतःच करून ठेवला आहे. योसेफसनं जेरुसलेमच्या वेढ्याची हकिकत लिहिली आहे, इ.स. ७० ची. युलियानस नावाचा बिथिनियाचा सेंच्युरियन एकटाच शत्रूवर तुटून पडला. सगळे पळाले. पण त्याच्या बुटांना खाली दाट खिळे होते आणि मंदिराच्या आवारात गुळगुळीत फरशी होती. धावताना पाय घसरला, चिलखताचा खणखणाट झाला, पळणारे मागं वळले. पडल्यावरही तो लगेच मेला नाही. शिरस्त्राण आणि चिलखत यांनी मर्माच्या जागा झाकलेल्या होत्या, मानही त्यानं आत ओढून घेतली होती, त्यामुळे कितीतरी वेळ घाव लागेनात. शेवटी उघड्या हातापायांवर वार करून करून त्याला मारलं. बूट डोंगरवाटेला उत्तम, फरशीवर घात करणारे. चिलखत उत्तम, आणि त्या उत्तमपणामुळे मरण लांबलेलं. बसतं की बसत नाही, याचं उत्तर कुठल्या जमिनीवर विचारता त्यावर आहे.

आणि हे सगळं त्याला फुकट नव्हतं, हे आपल्या पुतळ्यांवर कुठं लिहिलेलं नसतं. इजिप्तमध्ये इ.स. ८१ चा एक पपायरस मिळाला, तो जिनेव्हात आहे. दोन सैनिकांच्या पगाराचा हिशोब. वर्षाचे तीन हप्ते, आणि प्रत्येक हप्त्यातून बूट आणि पायाच्या पट्ट्यांसाठी १२ द्राख्मा कापलेले. बूट लागो न लागो, कपात ठरलेली. टॅसिटसनं इ.स. १४ च्या पॅनोनियातल्या बंडाचं वर्णन केलंय, त्यातली तक्रार हीच आहे. दिवसाला दहा आस मिळणार, आणि कपडे, शस्त्रं, तंबू त्यातूनच. इजिप्तमधलाच इ.स. १४३ चा आणखी एक कागद आहे. एक सैनिक नोकरीत असताना वारला. त्याच्या नावावरची शिल्लक आईला दिली, त्याची ही पावती. त्या रकमेत त्याच्या शस्त्रांची किंमत धरलेली आहे, तंबूतल्या त्याच्या वाट्याचीही. म्हणजे वस्तू परत कोठीत गेल्या असणार, आणि कोठीतून पुढच्या माणसाकडे. त्याच्या अंगाला त्या बसल्या का, हे विचारायची पद्धत होती असं त्या कागदावरून तरी दिसत नाही.

बराच वेळ घेतला मी. आता तुमचे प्रश्न. तिकडे मागे हात वर आहे, माईक त्यांच्याकडे द्या.